निवडक टेबलांचं रिफ्रेश एआय टूलमार्फत : प्रकल्प नोंदी

संत्रा-मोसंबी आवक प्रणाली, नागपूर. स्रोत पोस्टग्रेसक्यूएल १५ हा डेटाबेस, मधे डेबेझियम (स्रोतातले बदल टिपणारं साधन, त्याचा चालू जोड म्हणजे कनेक्टर) आणि काफ्का (ते बदल टॉपिक नावाच्या रांगांतून पुढे नेणारी प्रणाली), पलीकडे अहवालांसाठी वेगळा पोस्टग्रेसक्यूएल (पुढे 'लक्ष्य') आणि त्यावर डीबीटी (कच्च्या टेबलांवरून अहवालाची टेबलं, म्हणजे त्याची 'मॉडेलं', बांधणारं साधन). टेबलांची आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत.

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आंबिया बहाराची आवक जोरात आहे आणि अहवालातलं वजन पावत्यांशी जुळत नाही. हिशेब विभागाचा निरोप: "कालचं वजन जुळून नाही ऱ्हायलं, पाहा बरं."

अशा वेळी आजवर सगळाच स्नॅपशॉट (टेबलांची पूर्ण प्रत) नव्याने घेतला जायचा. कनेक्टर थांबवा, ऑफसेट (कुठवर वाचलं त्याची खूण) पुसा, पहिल्यापासून वाचा. टेबलं ३४, त्यात वजनकाटा_नोंद एकट्याचे २.४ कोटी रेकॉर्ड. हे रात्रभर चालतं. तोवर चालू बदल पुढे सरकत नाहीत आणि रेप्लिकेशन स्लॉट (कनेक्टरने वाचेपर्यंत बदल राखून ठेवणारी सोय) स्रोताच्या डिस्कवर वॉल फायली, म्हणजे डेटाबेसची बदलांची नोंदवही, धरून बसतो. दोन टेबलं बिघडली म्हणून ३४ वाचायची, हा प्रकार हंगामात परवडत नाही.

ठरलं ते असं. बिघडलेली टेबलंच नव्याने वाचायची, तेही डेबेझियमच्या इन्क्रिमेंटल स्नॅपशॉटने. म्हणजे चालू बदल थांबत नाहीत, टेबल तुकड्यातुकड्याने वाचलं जातं आणि मधेच कनेक्टर पडला तर शेवटच्या तुकड्यापासून पुढे सुरू होतं. मागणी माणसाने मराठीत करायची, टेबलं सुचवायचं काम एआय टूलने करायचं. टूल एमसीपी (एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याचा प्रोटोकॉल) सर्व्हरमागे राहील. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने खुला केलेला हा प्रोटोकॉल जेसन-आरपीसी २.० वर चालतो, त्यामुळे उद्या एआय मॉडेल बदललं तरी सर्व्हर तोच ठेवता येईल.

रिफ्रेश चालवणं तसं सोपं आहे, सिग्नल टेबलात (कनेक्टरला आदेश देण्यासाठी स्रोतात ठेवलेलं टेबल) एक रेकॉर्ड घातला की झालं. कोणतं टेबल, का, आणि रिफ्रेशने ते खरंच दुरुस्त होणार का, यात मात्र वेळ जाणार आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सर्व्हरवर सहा टूल ठेवली: टेबल_यादी, फरक_मोजा, आराखडा_करा, आराखडा_चालवा, स्थिती, थांबवा. मॉडेलच्या हाती मोकळं एसक्यूएल कुठेही नाही.

आराखडा_करा टेबलांची नावं आणि कारण घेतं. परत देतं ते आराखडा क्रमांक, प्रत्येक टेबलाचे अंदाजे रेकॉर्ड, प्रायमरी की (प्रत्येक रेकॉर्डची एकमेव ओळख) आहे की नाही, खालची अवलंबून डीबीटी मॉडेलं आणि इशारे. मंजुरी मिळाली नाही तर आराखडा ३० मिनिटांत बाद होतो. आराखडा_चालवा फक्त क्रमांक घेतं, टेबलांची नावं त्याला देताच येत नाहीत. यामुळे मंजुरी एका यादीला आणि चालवलं दुसऱ्याच यादीवर, ही शक्यता उरत नाही.

मंजुरी संभाषणात घ्यायची नाही. "हो, चालव" हे शब्द मॉडेल स्वतःही लिहू शकतं, किंवा जुन्या संदेशातून उचलू शकतं. मंजुरीचं बटण वेगळ्या पानावर, कर्मचाऱ्याच्या लॉगिनमागे. मंजुरीची खूण सर्व्हर थेट तिथून वाचतो, मॉडेलला ती दिसत नाही.

एमसीपीत टूलला "फक्त वाचन" किंवा "विध्वंसक" अशा खुणा लावता येतात. त्या लावल्या आहेत, पण त्या नुसत्या सूचना असतात, अडवत काहीच नाहीत. खरा अटकाव डेटाबेसच्या परवानग्यांत ठेवला: सर्व्हरच्या रोलला स्रोतात सिग्नल टेबलावर फक्त इन्सर्ट (भर घालणं), बाकी ठरलेल्या टेबलांवर फक्त सिलेक्ट (वाचणं). कनेक्टरचा रोल वेगळा. त्याला सिग्नल टेबलावर लिहिण्याचा हक्क लागतोच, कारण प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण तो तिथेच लिहितो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली चाचणी दर_पत्रक टेबलावर, रेकॉर्ड ६४० च्या आसपास. टूलने "यशस्वी" कळवलं, प्रत्यक्षात काहीच वाचलं गेलं नाही. कारण सापडलं: पब्लिकेशन (कोणत्या टेबलांचे बदल बाहेर पाठवायचे ती यादी) हाताने केलेलं आहे आणि त्यात सिग्नल टेबल नव्हतं. इन्सर्ट बिनबोभाट झाला, पण तो बदल वॉलमधून कनेक्टरपर्यंत पोचलाच नाही. ऑल्टर पब्लिकेशनने सिग्नल टेबल जोडून नवा सिग्नल टाकल्यावर लगेच वाचन सुरू झालं.

यातून निघालेला नियम: इन्सर्ट झाला म्हणजे रिफ्रेश सुरू झालं असं धरायचं नाही. टेबलांची यादी रिकामी गेली तरी असंच होतं. डेबेझियम ती मुकाट्याने सोडून देतं, चूक दाखवत नाही. आणि मॉडेलला नाव सापडलं नाही की रिकामी यादी पाठवण्याची त्याला हौस असते.

म्हणून कनेक्टरच्या नोटिफिकेशनचा सिंक चॅनेल चालू केला. इन्क्रिमेंटल स्नॅपशॉट सुरू झाला, चालू आहे, एका टेबलाचं वाचन संपलं, सगळं पूर्ण झालं, असे टप्पे वेगळ्या काफ्का टॉपिकवर येतात. टेबल संपल्याच्या सूचनेत वाचलेले रेकॉर्ड आणि निकाल असतो: यशस्वी, रिकामं, प्रायमरी की नाही, एसक्यूएल चूक, वगैरे. स्थिती टूल आता फक्त याच टॉपिकवरून बोलतं. ९० सेकंदांत "सुरू" आलं नाही तर उत्तर "सिग्नल पोचला नाही, पब्लिकेशन तपासा".

प्रायमरी की नसलेली तीन टेबलं आराखड्यातच अडवली. तुकडे पाडायला क्रम लागतो, तो की-वरूनच येतो. पर्यायी कॉलम देण्याची सोय सिग्नलमध्ये आहे, पण त्या तिन्हींत एकही विश्वासाचा एकमेव कॉलम नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सिग्नल टेबलाचे तपशील, पुन्हा शोधावे लागू नयेत म्हणून. तीन कॉलम: आयडी ४२ अक्षरांचा, प्रकार ३२ चा, डेटा २०४८ चा.

आयडीत आराखडा क्रमांकच घालतो. तो यूयूआयडी (यंत्राने बनवलेला एकमेव क्रमांक), ३६ अक्षरांचा, म्हणजे पुढे जोडायला सहाच अक्षरं उरतात. आयडी प्रायमरी की असल्याने तोच आराखडा दुसऱ्यांदा चालवला तर इन्सर्टच पडतो. हे मुद्दाम. उत्तर यायला उशीर झाला की मॉडेल तेच टूल पुन्हा हाक मारतं, आणि दोन सिग्नल गेले तर तेच टेबल दोनदा वाचलं जातं. टूलही आता लगेच क्रमांक देऊन मोकळं होतं, कारण क्लायंट साधारण मिनिटभरच थांबतात आणि रिफ्रेश मिनिटात संपत नाही.

डेटा कॉलमची मर्यादा लांब नावं आणि अटी घातल्या की पटकन गाठली जाते. एका आराखड्यात जास्तीत जास्त आठ टेबलं.

टेबलांची नावं सिग्नलमध्ये रेग्युलर एक्सप्रेशन (अनेक नावांना जुळू शकणारा नमुना) म्हणून वाचली जातात. "पावतीची सगळी टेबलं ताजी कर" म्हटल्यावर मॉडेलने बिंदू-तारा घालून नमुना लिहिला आणि त्यात पावती_जुनी_२०१९ सुद्धा आलं. आता सर्व्हर नावांत अक्षरं, अंक आणि अधोरेखा सोडून काहीही स्वीकारत नाही. स्कीमा आणि टेबलामधला बिंदू एस्केप करण्याचं कामही तोच करतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

फरक_मोजा हे टूल सगळ्यांत जास्त वेळ खाऊन गेलं, आणि ते बरोबरच आहे. रिफ्रेश कशाला लागतं ते हेच ठरवतं. दोन्ही बाजूंना दिवसवार रेकॉर्डची संख्या, वजनाची बेरीज आणि की-च्या क्रमाने जोडलेल्या मजकुराचा एमडी५ हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ठसा). मॉडेलला मिळतात ते आकडे आणि हॅश. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खातं यातलं काही त्याच्यापर्यंत जात नाही, आणि शेरा कॉलमही नाही. शेऱ्यात कोणी काहीही टाइप करतं, तो मजकूर मॉडेलसमोर गेला की सूचना म्हणून वाचला जाण्याचा धोका राहतो.

पहिल्याच मोजणीत गाडी_आवक जवळजवळ प्रत्येक दिवशी चुकलेलं दिसलं. एकूण संख्या मात्र तंतोतंत. टूलने रिफ्रेश सुचवलं. केलं असतं तरी एकही आकडा हलला नसता.

कारण वेळेत आहे. स्रोतात गाडीची वेळ टाइमझोन नसलेल्या टाइमस्टॅम्पमध्ये, भारतीय वेळेनुसार लिहिलेली. डेबेझियम असा टाइमस्टॅम्प यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून पाठवतं. लक्ष्यात कॉलम टाइमझोनवाला. मग काटोल-नरखेडकडून संध्याकाळी सातला आलेली गाडी अहवालात साडेपाच तास पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेबाराला आलेली दिसते. संध्याकाळी ६.३० नंतरच्या सगळ्या गाड्या पुढच्या तारखेत. हंगामात रात्रीची आवक मोठी असते, म्हणून फरक डोळ्यांत भरला.

उपाय डीबीटीच्या स्टेजिंग मॉडेलमध्ये (कच्च्या टेबलावरचं पहिलं मॉडेल): आलेली वेळ आधी यूटीसीत उतरवून झोन काढून टाकायचा, मग तीच आशिया/कोलकाता म्हणून वाचायची. फरक_मोजा मध्येही दिवस याच रूपांतरानंतर पाडायचे. शिवाय नवा इशारा: एकूण संख्या जुळते आणि फक्त दिवस जुळत नाहीत, तर आराखडा करायला नकार.

दुसरा खोटा फरक वजनातून आला. स्रोतात दशांशानंतर तीन स्थळं, लक्ष्यात दोन. १८.४५० आणि १८.४५ ही संख्या म्हणून सारखी, हॅशसाठी वेगळी. हॅशआधी दोन्हींकडे तीन स्थळांवर आणलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खरे बिघाड तीन निघाले आणि तिघांची कारणं निराळी.

पावती_ओळ: सप्टेंबरमध्ये प्रतवारी कॉलम जोडला, डीफॉल्ट मूल्यासह. पोस्टग्रेस ११ पासून असा कॉलम जोडताना जुने रेकॉर्ड पुन्हा लिहिले जात नाहीत, डीफॉल्ट वाचतानाच लागू होतं. जुन्या रेकॉर्डसाठी बदलाची घटना निघतच नाही. स्रोतात त्यांना प्रतवारी आहे, लक्ष्यात रिकामी. इथे रिफ्रेश हाच बरोबर उपाय.

क्रेट_हिशेब: कनेक्टरच्या यादीत नंतर जोडलेलं टेबल. जोडल्यानंतरचे बदल आले, आधीचा साठा कधीच आला नाही. इथेही रिफ्रेश.

दर_पत्रक: स्रोत प्रणाली ते रोज पहाटे ट्रंकेट करून (एका आदेशात पूर्ण रिकामं करून) नव्याने भरते. डेबेझियम ट्रंकेटच्या घटना डीफॉल्टने गाळतं. त्यामुळे लक्ष्यात कालबाह्य दर साचले, ६४० च्या जागी ११,००० च्या वर रेकॉर्ड. इथे रिफ्रेशने काहीच साधत नाही: आहेत ते रेकॉर्ड पुन्हा वाचले जातात, जे नाहीत त्यांच्याबद्दल स्नॅपशॉट एक अक्षर बोलत नाही.

हे टूलच्या वर्णनात पहिल्याच वाक्यात लिहिलं: "रिफ्रेश स्रोतात असलेले रेकॉर्ड पुन्हा आणतं, स्रोतातून गेलेले रेकॉर्ड काढत नाही." हे वाक्य घातल्यापासून मॉडेल दर_पत्रकसाठी आराखडा करण्याऐवजी आधी संख्या विचारतं. वर्णनात लिहिलेलं मॉडेल बहुतेक वेळा पाळतं. तरीही सर्व्हरमध्ये तपासणी आहेच: लक्ष्यातली संख्या स्रोतापेक्षा जास्त असेल तर आराखड्यावर "भूत रेकॉर्ड" हा इशारा येतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भूत रेकॉर्ड काढण्याची रीत, क्रमाने.

प्रत्येक घटनेसोबत कनेक्टरने ती हाताळल्याची वेळ लक्ष्यात एका कॉलमात उतरते, नाव वाचन_वेळ. काफ्कातून लक्ष्यात लिहिणारा सिंक कनेक्टर अपसर्ट करतो (रेकॉर्ड असेल तर बदलतो, नसेल तर घालतो), म्हणून रिफ्रेशमध्ये वाचल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डची वाचन_वेळ नवी होते. स्नॅपशॉट चालू असताना एखाद्या रेकॉर्डमध्ये बदल झाला, तर डेबेझियम त्या तुकड्यातली जुनी प्रत टाकून देतं आणि चालू बदलच ठेवतं. तोही सुरुवातीनंतरचाच असतो, म्हणजे त्याचीही वेळ नवीच. सगळं संपल्यावर ज्याची वाचन_वेळ स्नॅपशॉटच्या सुरुवातीपेक्षा जुनी, तो रेकॉर्ड स्रोतात नाही.

सुरुवातीची वेळ "सुरू" या नोटिफिकेशनमधून घ्यायची, लक्ष्य डेटाबेसच्या घड्याळावरून नाही. दोन्ही वेळा एकाच मशीनच्या असाव्यात. घड्याळात दहा सेकंदांची तफावत असली तरी चांगले रेकॉर्ड भूत ठरतात.

याहून घातक गोष्ट म्हणजे घाई. "पूर्ण" ही सूचना कनेक्टरची असते. त्याने काफ्कात टाकलं, एवढाच तिचा अर्थ. सिंक अजून मागे असू शकतो. त्या क्षणी सफाई केली तर अजून न पोचलेले सगळे रेकॉर्ड भूत समजून पुसले जातील. म्हणून "पूर्ण" येताच त्या टॉपिकच्या प्रत्येक पार्टिशनचा (भागाचा) शेवटचा ऑफसेट टिपायचा, सिंकच्या कन्झ्युमर ग्रुपने तो ओलांडेपर्यंत थांबायचं, मगच मोजायचं.

मोजून आलेले उमेदवार थेट पुसायचे नाहीत. त्यांच्या की स्रोतात शोधून बघायच्या, एकही सापडली तर सफाई रद्द. सापडली नाही तर आधी बाजूच्या टेबलात प्रत, मग डिलीट. उमेदवार टेबलाच्या ०.५ टक्क्यांहून जास्त असतील तर वेगळी मंजुरी. दर_पत्रकमध्ये ते ९० टक्क्यांच्या पुढे आहेत, तिथे ही मंजुरी लागणारच.

सफाई हे टूल मॉडेलला दिलेलं नाही. ते आराखड्याचा भाग म्हणून सर्व्हर स्वतः चालवतो. मॉडेल फक्त "सफाईसह" किंवा "सफाईविना" एवढंच सांगू शकतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सिग्नलमध्ये अट देऊन टेबलाचा काही भागच वाचता येतो. सोयीचं आहे, पण अट म्हणजे कच्चं एसक्यूएल. मॉडेलकडून फक्त "पासून" आणि "पर्यंत" तारखा घेतो, अट सर्व्हर रचतो. आणि अटीसह रिफ्रेश असेल तर सफाईलाही तीच अट लागलीच पाहिजे. नाहीतर ऑक्टोबरपुरतं वाचून बाकी वर्ष भूत ठरेल. सध्या अटीसह सफाई बंदच ठेवली आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पावती_ओळ, ८६ लाख रेकॉर्ड, पूर्ण रिफ्रेश.

तुकड्याचा डीफॉल्ट आकार १०२४. म्हणजे सुमारे ८,४०० तुकडे. दर तुकड्याला दोन खुणा सिग्नल टेबलात लिहायच्या आणि त्या वॉलमधून परत येण्याची वाट पाहायची. हा फेरा तुकडा छोटा असो की मोठा, तेवढाच वेळ घेतो. पूर्ण व्हायला पावणेदोन तासांहून जास्त लागले आणि सिग्नल टेबलात जवळपास १७ हजार रेकॉर्ड जमले. आकार ८१९२ केल्यावर तुकडे १,०५० आणि वेळ अर्ध्या तासाच्या आत. त्याहून मोठा नको: दोन खुणांच्या खिडकीतला तुकडा कनेक्टर मेमरीत धरतो आणि शेरा कॉलम असलेली टेबलं जड आहेत. हीप (कनेक्टरला दिलेली मेमरी) २ जीबी आहे, तो वाढवल्याशिवाय आकाराला हात लावायचा नाही.

या टेबलाची की दोन कॉलमांची, पावती_क्र आणि ओळ_क्र. पुढचा तुकडा मागताना अट "पहिला मोठा, किंवा पहिला तोच आणि दुसरा मोठा" अशी होते. प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) ती नेहमी झेपत नाही. एक्सप्लेनमध्ये (प्लॅनरची योजना दाखवणारा आदेश) इंडेक्स वापरला जातोय का हे आधी बघावं. इथे जातोय. क्रेट_हिशेबला तीन कॉलमांची की आहे, तिथे शेवटचे तुकडे सुरुवातीच्या तिप्पट वेळ घेतात.

वेळ दुपारी दोननंतर. सकाळी लिलाव, तेव्हा स्रोतावर पावत्यांचा मारा असतो. सर्व्हर सकाळी ६ ते दुपारी १ आराखडा चालवत नाही, मंजुरी असली तरी रांगेत ठेवतो.

रिफ्रेश चालू असताना त्या टेबलावर ऑल्टर (रचनेत बदल) नको, विशेषतः प्रायमरी की बदलायची नाही. मायग्रेशनच्या स्क्रिप्टमध्ये "चालू रिफ्रेश आहे का" ही तपासणी घातली. असेल तर मायग्रेशन थांबतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कच्च्या टेबलात प्रतवारी भरली, अहवालात अजून रिकामी.

डीबीटीचं पावती_दैनिक मॉडेल इन्क्रिमेंटल आहे आणि "बदल_वेळ आपल्याकडच्या कमाल बदल_वेळेपेक्षा मोठी" या अटीवर नवे रेकॉर्ड उचलतं. बदल_वेळ हा स्रोताचा कॉलम. रिफ्रेशने तो बदलत नाही, बदलूही नये. त्यामुळे ८६ लाख रेकॉर्ड ताजे झाले आणि त्या डीबीटी मॉडेलच्या लेखी काहीच घडलं नाही. निवडक रिफ्रेशमध्ये हा खड्डा जवळजवळ ठरलेला असतो, आणि तो कच्च्या टेबलांची मोजणी जुळल्यावरच समोर येतो, म्हणजे सगळे निवांत झाल्यावर.

दोन उपाय, दोन्ही केले. इन्क्रिमेंटल मॉडेलांची अट बदल_वेळेऐवजी वाचन_वेळेवर आणली. आणि आराखड्यात डीबीटीच्या मॅनिफेस्ट फायलीतला चाइल्ड मॅप (कशावर काय अवलंबून त्याची यादी) वाचून खालच्या मॉडेलांची यादी येते. रिफ्रेश आणि सफाई संपली की स्टेजिंग मॉडेलच्या नावापुढे अधिक चिन्ह लावून, फुल-रिफ्रेशसह (मुळापासून पुन्हा बांधत) बिल्ड चालतं. अधिक चिन्ह म्हणजे त्याच्या खालचं सगळं.

दोन डीबीटी मॉडेलांना फुल-रिफ्रेश मनाई आहे, कॉन्फिगमध्येच नकार लिहिलेला. ती मासिक बंद ताळेबंदाची. तिथे आदेश दिला तरी डीबीटी ती पुन्हा बांधत नाही. हे हवंच आहे, पण आराखड्यात तसं स्पष्ट दिसायला हवं. नाहीतर एआय मॉडेल "सगळं ताजं झालं" सांगून मोकळं होतं. आता "न बदललेली मॉडेलं" अशी वेगळी ओळ येते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेरा कॉलमात काही ठिकाणी डेबेझियमचा "मूल्य उपलब्ध नाही" हा ठरलेला मजकूर. रेकॉर्ड साधारण दोन केबीच्या वर गेला की पोस्टग्रेस त्यातलं मोठं मूल्य टोस्टमध्ये (वेगळ्या साठ्यात) बाजूला ठेवतं, आणि त्या कॉलमला धक्का न लागता रेकॉर्ड बदलला तर वॉलमध्ये ते मूल्य येत नाही. रिफ्रेश टेबल थेट वाचतं, म्हणून मूल्य परत येतं, आणि पुढच्या बदलाला पुन्हा जातं. यासाठी केलेला प्रत्येक रिफ्रेश वाया. रेप्लिका आयडेंटिटी फुल केली (म्हणजे बदलासोबत जुना रेकॉर्डही पूर्ण वॉलमध्ये लिहिला जातो), मग एकदाच रिफ्रेश. वॉल वाढतो, या टेबलाला चालेल. वजनकाटा_नोंदला चालणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

निवडीची चाचणी. हिशेब विभागाच्या बोलीतल्या मागण्या जमवून त्यांची बरोबर उत्तरं हाताने लिहिली आणि टूल त्यावर तपासलं. चुका बहुतेक एकाच जातीच्या. "काटा" म्हणजे वजनकाटा_नोंद की काटा_तपासणी? "पावती" फाटकावरची की विक्रीची? "दादा, कालचा काटा ताजा करून द्या" यावर मॉडेल बेधडक २.४ कोटींचं टेबल निवडतं.

टेबल_यादीत प्रत्येक टेबलाला पर्यायी नावं आणि दोन ओळींचं वर्णन जोडलं. एक नाव दोन टेबलांना लागत असेल तर सर्व्हर आराखडा करत नाही, दोन्ही नावं परत देतो आणि मॉडेलला विचारावं लागतं. वर्णनं लिहायला डेटाबेसवाल्यांपेक्षा वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसांचा उपयोग जास्त झाला.

आणखी एक अट: फरक_मोजा चा ताजा निकाल जोडल्याशिवाय आराखडा होत नाही. ५० लाखांच्या वरच्या टेबलाला तारखांची मर्यादा सक्तीची, ती काढायची तर डीबीएची (डेटाबेस सांभाळणाऱ्याची) मंजुरी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दर_पत्रक सफाईसह झालं, दोन्ही बाजूंना ६३८. मूळ दुखणं बंद करायला गाळलेल्या घटनांमधून ट्रंकेट काढलं आणि सिंकवर ट्रंकेट स्वीकारण्याचं सेटिंग चालू केलं. ते सगळ्या टेबलांना लागू होतं, म्हणून दर_पत्रकसाठी वेगळा सिंक कनेक्टर. बाकीच्या टेबलांवर कोणी स्रोतात ट्रंकेट मारलं तर इकडे ते आपोआप जाऊ नये.

क्रेट_हिशेबचे शेवटचे तुकडे अजून संथ आहेत. तिन्ही कॉलमांवरून एक एकमेव कॉलम स्रोतातच जोडून मिळाला तर सिग्नलमध्ये तो क्रमासाठी देता येईल. मागणी पाठवली आहे.

सिग्नल टेबल दर रविवारी रात्री रिकामं करायचं, चालू आराखडा नसेल तरच. आराखडा क्रमांकांची प्रत आधी नोंदवहीच्या टेबलात उतरवायची, नाहीतर आयडीवरचा दुहेरी चालवण्याचा अटकाव त्या रेकॉर्डसोबतच जातो. क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) लावला आहे, पहिली फेरी ३० तारखेला.